खळ्यातली स्कूटर

धुरपदाबाईंनी ताडपत्रीची गाठ सोडून एक कोपरा वर केला आणि तो हातात तसाच धरून त्या उभ्या राहिल्या. स्कूटरच्या पाठीला जिथे जादा चाक अडकवलेलं असायचं, तिथे नुसती लोखंडी पट्टी उरली होती. पट्टीवर एक माशी बसून पाय चोळत होती.

"भिकन! अरे भिकन, इकडे ये रे भो."

सालदार भिकन गोठ्यातून शेणाचे हात घेऊनच आला. त्याने पुढून पाहिलं, मागून पाहिलं, मग वाकून खालूनही पाहिलं, जणू चाक लाजून आत कुठे दडून बसलं असावं.

"सकाळी व्हतं, काकू. मी सोता पाह्यलं."

"मंग गेलं कुठी?"

बाहेर रस्त्यावर बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज सारखा चालू होता. रविवार होता, सावद्याचा गुरांचा बाजार. पार बऱ्हाणपुराकडची माणसं या दिवशी गावात उतरायची. खळ्याचं फाटक मोडकंच होतं. कुणी आत येऊन रांजणातलं पाणी पिऊन जाई, कुणी निंबाच्या सावलीत भाकर सोडी. आजवर कुणी कुणाला हटकलं नव्हतं. त्यातल्या कुणाचा हात चाकाला लागला, हे आता विचारायचं तरी कुणाला?

शालिग्रामभाऊ ओट्यावर येऊन उभे राहिले. सारं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चाक गेलं तं गेलं. बठ्ठी गाडीच गेली असती तं सुटलो असतो."

धुरपदाबाईंनी मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. भाऊंनी हातातला तांब्या उगाच या हातातून त्या हातात घेतला आणि ते आत निघून गेले.

गाडी त्यांनीच आणवली होती. एकुलत्या एका मुलीच्या, मंदाच्या लग्नात भर मांडवात त्यांनी जाहीर केलं होतं की जवाईबापूंना स्कूटर देईन. जावयाने काही मागितलं नव्हतं. चुडामण मूळचा यावलचा, धुळ्याला बांधकाम खात्यात ओव्हरशियर होता. सायकलवरून रस्ते आणि मोऱ्या पाहत हिंडायचा आणि त्यातच खूश होता. पण ज्याच्या केळीचे डबे दिल्लीपर्यंत जातात, त्या बापाने लेकीला जगासारखंच पाठवायचं म्हणजे काय? त्या काळी स्कूटर नुसत्या पैशाने मिळत नसे. मुंबईला नाव नोंदवायचं आणि वाट पाहत बसायचं. भाऊ वाट पाहत बसले. मंदा दर दिवाळीला आली की हसायची. "आबा, तुमची स्कूटर येईपर्यंत मी म्हातारी व्हईन."

ती म्हातारी झाली नाही. आश्विनात, दसऱ्याच्या आधी, मुदतीच्या तापात धुळ्यालाच गेली. तार मिळाल्यावर दोघं निघाले. भुसावळला गाडी बदलली, चाळीसगावला बदलली, आणि धुळ्याला पोचले तोवर सगळं उरकलं होतं. आश्विनाचं ऊन, किती ठेवणार? असं कुणीतरी हळू आवाजात सांगितलं. धुरपदाबाईंना लेकीचं काही दिसलं असेल तर अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेलं पातळ. कुणीतरी ते सवयीने धुवून टाकलं होतं. ते नीट पिळलेलं नव्हतं, आणि काठातून अजून थेंब पडत होते.

आणि मग माघात स्कूटर आली. मालगाडीने, लाकडी खोक्यात. स्टेशनावरून बैलगाडीत घालून आणली, तेव्हा अर्धं गाव मागे होतं. फळ्या काढल्या तर आत केळीच्या कोवळ्या पानासारखा फिका हिरवा रंग. धुरपदाबाईंनी ओट्यावरूनच ते हिरवं पाहिलं आणि म्हणाल्या, "घरात आणू नका. माह्या डोळ्यांसमोर नको." तशीही ओट्याच्या दगडी पायऱ्या चढवून ती आत नेणं अवघडच होतं. म्हणून ती खळ्यात निंबाखाली उभी राहिली, आणि उभीच राहिली.

निरोप मिळताच चुडामण आला होता. गाडीभोवती एक चक्कर मारली, दांडीवर हात ठेवला, काढून घेतला. बसला नाही.

"असू द्या इथंच, मामा," तो शालिग्रामभाऊंना म्हणाला. "सध्या मला नको."

संध्याकाळच्या गाडीने तो परत गेला. जेवतानाही मंदाचं नाव त्याच्या तोंडून निघालं नाही. भाजी छान झाली आहे, एवढं मात्र म्हणाला. धुरपदाबाईंनी ते वाक्य मनात जपून ठेवलं, काटा जपावा तसं. तीन वर्षं संसार केलेला माणूस, आणि त्याला भाजीची चव लागते.

गाडीकडे त्या महिनाभर फिरकल्या नाहीत. मग फाल्गुनात एका दुपारी खिडकीतून त्यांना दिसलं की शेजारच्या बेबाबाईची शेळी स्कूटरच्या सीटवर पुढचे पाय रोवून निंबाचा पाला ओढते आहे. त्या काठी घेऊन धावल्या. शेळी पळाली, पण मागच्या सीटच्या कातड्यावर खुराचा ओरखडा उमटला होता. त्यांनी त्यावरून तळवा फिरवला. सीट तव्यासारखी तापली होती. तरी त्यांनी हात लवकर काढला नाही.

त्या दिवसापासून गाडी त्यांची झाली.

आधी त्यांनी तिच्यावर जुनी गोधडी टाकली. गोधडीत कोंबडीने अंडी घातली. मग त्यांनी केळीच्या वखारीतून ताडपत्री मागवली आणि गाडी नखशिखान्त गुंडाळली. आठ दिवसांनी उघडून पाहतात तर ताडपत्रीच्या आतून घाम सुटलेला, आणि चकचकीत पट्ट्यांवर तांबूस ठिपके. लोखंडालाही वारा लागतो, हे तेव्हा त्यांना उमगलं. भिकनकडून चार बांबू रोववून घेतले, ताडपत्री वरच्यावर ताणली आणि खालून हातभर जागा मोकळी ठेवली. ठिपके राखेने घासले, त्यावर बैलगाडीच्या आसाचं वंगण फडक्याने चोळलं. चाकं मातीत रुतू लागली तेव्हा खाली विटा दिल्या. बेबाबाई कुंपणावरून म्हणायची, "धुरपदा, बाळंतिणीचीही एवढी बडदास्त कोन्ही ठेवत नही व माय." त्या हसायच्या नाहीत आणि रागवायच्याही नाहीत. फडकं पिळायच्या आणि पुन्हा सुरू करायच्या.

आणि आता चाक गेलं होतं.

पुढच्या रविवारी धुरपदाबाई स्वतः बाजारात गेल्या. डोक्यावरून पदर ओढून, भिकनला बरोबर घेऊन. बैलांचे सौदे चालले होते तिथे बाईमाणूस सहसा जात नसे. लोक बाजूला सरले. त्या प्रत्येक छकड्याखाली, प्रत्येक पालाखाली वाकून पाहत होत्या. कासरे आणि वेसणी विकणाऱ्यांच्या रांगेत भिकन एकदम थांबला.

"काकू."

एक म्हातारा दोरवाला चाकावर बसून दोर वळत होता. चाकाच्या मधल्या भोकात पोत्याचा बोळा कोंबून त्याने छान बैठक केली होती.

"हे कुठून आणलं, बाबा?" धुरपदाबाईंनी विचारलं.

"एक जण देऊन गेला. कासरा घेतला आन हे टाकलं. मी म्हनलं, एवढंसं चाक ना गाडीले ना छकड्याले, मी काय करू याचं? तो म्हने, बस त्याच्यावर." म्हातारा खाली वाकून चाकाकडे नव्याने पाहू लागला. "तुमचं हाय का?"

"माह्या पोरीचं हाय."

म्हातारा उठला. गुडघ्यांना हात लावून सावकाश उठला, पोत्याचा बोळा काढला आणि चाक धोतराच्या सोग्याने पुसून पुढे केलं. धुरपदाबाईंनी त्याच्याकडून सगळ्यात जाड दोर विकत घेतला. घरी आल्यावर चाक जागच्या जागी बसवलं, आणि बैलाची साखळी स्कूटरच्या पोटाखालून घेऊन निंबाच्या बुंध्याला कुलूप घातलं. वरून तो दोर. फाटकही दुरुस्त झालं. तेव्हापासून बाजाराच्या दिवशी त्या दुपारभर फाटकाशी बसून डाळ पाखडत, आणि पाणी प्यायला येणाऱ्याला तांब्या स्वतःच्या हाताने देत.

पावसाळ्याच्या तोंडावर त्यांनी वाऱ्याच्या बाजूने कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा कूड घालून घेतला. घूस जमीन पोखरून तारा कुरतडेल म्हणून विटांभोवती काटेरी फांद्या पसरल्या. आषाढातल्या झडीत शेजारच्या शेतातल्या केळी आडव्या झाल्या, घरच्या गोठ्याचं छप्पर एका बाजूने बसलं, पण कुडाआड स्कूटर कोरडी राहिली. भाऊंनी हे पाहिलं. बोलले काही नाहीत.

बोलले ते दसरा झाल्यावर, वर्षश्राद्धही होऊन गेल्यावर. बोदवडचे हिलालशेठ जिनिंगवाले त्यांच्या ओळखीचे होते. मुंबईला नाव नोंदवून ते कंटाळले होते, आणि इथे एक कोरी गाडी न फिरता उभी आहे, असं त्यांच्या कानावर गेलं होतं. ते आपल्या ड्रायव्हरला घेऊन आले. ड्रायव्हरने कुडाआड जाऊन पाहणी केली आणि बाहेर येऊन म्हणाला की शोरूममध्येही अशी राहत नाही.

"भाऊ, तुम्ही हो म्हना, उद्या नेतो," हिलालशेठ म्हणाले.

शालिग्रामभाऊंनी बायकोकडे पाहिलं. धुरपदाबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या.

"जवाईबापूंची वस्तू हाय ती," त्या म्हणाल्या. "ते न्यायले येतील."

"कधी?" हिलालशेठांनी सरळच विचारलं.

त्या आत गेल्या आणि चहा ठेवला. शेठ चहा पिऊन गेले. मग भाऊ आत येऊन चुलीपाशी उभे राहिले. असे ते कधी येत नसत.

"मले नही पाहवत ते हिरवं," ते म्हणाले. "सकाळी दार उघडलं का समोर. रोज."

"मले पाहवतं?"

"मंग काहून जपतं एवढं?"

धुरपदाबाईंनी लाकूड आत सरकवलं, फुंकणी उचलली, खाली ठेवली.

"तिले ऊन लागतं," त्या म्हणाल्या.

भाऊंनी पुन्हा कधी गिऱ्हाइकाचं नाव काढलं नाही.

तुळशीची लग्नं झाली, आणि बेबाबाईने कुंपणावरून बातमी दिली. तिची बहीण यावलला होती. "चुडामणचं जमलं म्हने. धुळ्याची पोरगी. तुमाले सांगितलं असंन नं?" सांगितलेलं नव्हतं. नंतर चार दिवसांनी चुडामणचं कार्ड आलं, लग्नाला दोघांनी यावं म्हणून. भाऊ एकटेच गेले. परत आल्यावर टोपी खुंटीला लावताना पाठमोरे राहूनच म्हणाले, "पोरगी बरी हाय. माय नही तिले. मामानं वाढवली." धुरपदाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी विचारलं फक्त एवढंच, की जेवायला काय होतं.

त्या संध्याकाळी त्या खळ्यात गेल्या तेव्हा त्यांनी गाडी पुसली नाही. ताडपत्रीखाली विटेवर टेकून नुसत्या बसल्या. मंदाला जाऊन एक वर्ष आणि वर दोनेक महिने. लोक म्हणतात पुरुषाचं दुःख म्हणजे कोपराला लागलेला मार, झणझणतं आणि जातं. त्यांना ते आजवर खोटं वाटायचं. पदराच्या टोकाने त्यांनी सीटवरची धूळ झटकली, आणि मग तेच टोक डोळ्यांना लावलं.

माघात दोघं आले.

एस.टी. वेशीपाशी थांबते, तिथून चालत. चुडामणच्या एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पेट्रोलचा डबा. पेट्रोलच्या डब्यावरून धुरपदाबाईंना कळलं की तो कशासाठी आला आहे. मागून एक सावळी, उंच मुलगी, जांभळ्या पातळात. ती पायऱ्यांच्या खालीच थांबली. वर ये म्हणेपर्यंत वर आली नाही.

"ये," धुरपदाबाई म्हणाल्या. "काय नाव व तुह्यं?"

"सुनंदा."

तिने वाकून पायांना हात लावला तेव्हा गळ्यातून मंगळसूत्राबरोबर एक चांदीचा टाक बाहेर लोंबकळला. नखाएवढा. त्यावर उभी एक बाई, नुसती रेघांची. पहिली बायको गेलेल्या घरात दुसरी आली की तिने पहिलीचा टाक गळ्यात बांधायचा, ही रीत धुरपदाबाईंना माहीत होती. तरी त्यांनी तो बोटांत धरला. बाईला नाक-डोळे नव्हते. कुणीही असती.

"हा कोन्ही केला?"

"यांनीच करून आणला," सुनंदा म्हणाली. "लग्नाआधीच."

रीतच आहे, धुरपदाबाईंच्या मनात आलं. रीतीसाठी माणसं काय काय करतात. त्यांनी टाक सोडला आणि तो मुलीच्या गळ्यावर नीट बसवला. "हातपाय धुवा. ताटं वाढते."

जेवताना चुडामण भाऊंशी पांझरेवरच्या एका पुलाबद्दल बोलत होता. सुनंदाने न सांगता उठून पाणी वाढलं. ती घरात कुठे काय आहे ते विचारत नव्हती, पाहून घेत होती. धुरपदाबाईंनी तिच्या पानात दुसऱ्यांदा भरीत घातलं आणि मग स्वतःचंच त्यांना नवल वाटलं.

जेवण झाल्यावर सगळे खळ्यात उतरले. धुरपदाबाईंनी कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलं. साखळी सुटली, दोर सुटला, ताडपत्री वर गेली. चुडामण पुढे झाला आणि थबकला. त्याने विटा पाहिल्या, काटेरी फांद्या पाहिल्या, बांबू, कूड. मग त्याने दिव्याच्या कडेवर बोट फिरवलं. बोटाला वंगण लागलं. ते त्याने अंगठ्यावर चोळून पाहिलं.

"हे कुणी केलं?"

"काकूनंच," भिकन म्हणाला. "आमाले गाडीले हात नही लावू दिला."

चुडामणने सासूकडे पाहिलं. मग तो खाली बसला आणि पेट्रोलच्या टाकीचं झाकण खोलू लागला. बराच वेळ त्याने मान वर केली नाही. धुरपदाबाईंना त्याच्या डोक्यावर, मधोमध, केस विरळ झालेले दिसले. गेल्या माघात ते असे नव्हते.

गाडी सहजासहजी चालू होईना. त्याने प्लग काढून घासला, फुंकला, पुन्हा बसवला. किक मारून मारून त्याचा सदरा पाठीला चिकटला. बेबाबाई कुंपणावरून पाहत होती, तिच्या मागे आणखी दोघी-तिघी. भाऊ म्हणाले, "राहू द्या. बैलगाडीत घालून भुसावळले नेऊ." तेवढ्यात ती खोकली, थरथरली, मागून निळा धूर फेकला आणि फटफट करत चालू झाली. कोंबड्या गोठ्यात पळाल्या. भिकनने टाळी वाजवली. चुडामण हसला. त्याला हसताना धुरपदाबाईंनी कितीतरी दिवसांनी पाहिलं. त्याने खळ्यात एक फेरी मारली, मग दुसरी, आणि पायऱ्यांपाशी येऊन थांबला.

"सुनंदा, बस. वेशीपर्यंत जाऊन येऊ."

सुनंदाने पातळाच्या निऱ्या सावरल्या आणि ती पायरी उतरली.

"थांब व बाई," धुरपदाबाई म्हणाल्या.

गाडी तेवढी फटफटत राहिली. सुनंदाने उचललेलं पाऊल मागे घेतलं. तिचा चेहरा उतरला नाही. काहीतरी अपेक्षित होतं आणि ते आलं, असा तो चेहरा होता. शालिग्रामभाऊ खाकरले. "आता काय हाय?" ते म्हणाले. "नेऊ दे नं त्याहीले."

धुरपदाबाईंनी पदर डोक्यावरून घेऊन कमरेला घट्ट खोचला. पायातल्या वहाणा काढून पायरीवर ठेवल्या.

"आधी मी बसते."

"तू?"

"का? मोडंन का ती?"

बेबाबाईच्या बाजूने कुणीतरी फिस्सकन हसलं. चुडामणने गाडी तिरपी केली. कसं बसायचं ते धुरपदाबाईंना ठाऊक नव्हतं, पण सुनंदा पुढे आली. तिने त्यांचा कोपर धरला, एका बाजूला बसवलं, पाय कुठे टेकवायचा ते वाकून दाखवलं, आणि नऊवारीचा सोगा चाकात जाणार नाही असा मांडीखाली दुमडून दिला. जावयाच्या खांद्याला हात लावणं बरं दिसलं नसतं. धुरपदाबाईंनी सीटपुढची लोखंडी कडी दोन्ही हातांनी धरली.

फाटकातून बाहेर पडताना त्यांनी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा मारुतीचं देऊळ मागे गेलं होतं. ओट्यांवरची माणसं उठून उभी राहत होती. कुणीतरी "धुरपदाकाकू!" म्हणून ओरडलं. वेस आली, गेली, आणि गाडी फैजपूरच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंनी केळी, आणि मधून पांढरा धुळीचा रस्ता. माघाचं ऊन कोवळं होतं. वारा तोंडावर येत होता, डोक्यावरचा पदर मागे सरकला, आणि तो ओढून घ्यायला एक हात सोडावा लागला असता म्हणून त्यांनी तो तसाच जाऊ दिला. पायांखाली जमीन पळत होती. उत्तरेला सातपुडा मात्र जागचा हलत नव्हता.

कशी बसली असती ती? असंच, एका अंगाने? का पोरांसारखी, दोन्हीकडे पाय टाकून? तिचा काही नेम नव्हता. बोलत राहिली असती, एवढं नक्की. वाऱ्यात काही ऐकू येत नसताना बोलत राहिली असती.

समोर चुडामणची पाठ होती. घामाचा डाग वाऱ्याने सुकत चालला होता. आपल्या नादात तो गाडी चालवत होता, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला, खड्डे चुकवत. सासू मागे बसली आहे म्हणून सुरुवातीला जो ताठरपणा होता, तो कधीच गेला होता. कॉलर वर झाली होती, खांदे सैल पडले होते. पुढे पाटाच्या पाण्याने रस्ता खचला होता. त्याने वेग कमी केला आणि मागे न वळता, सहज, यावलच्या घरच्या बोलीत म्हणाला,

"नीट धर व मंदा, पुढं खड्डा हाय."

गाडी खड्ड्यात उतरली, हिंदकळली आणि वर आली.

"धरलं," धुरपदाबाई म्हणाल्या.

आपण काय बोललो ते त्याला कळलं की नाही, कुणास ठाऊक. बऱ्याच अंतरापर्यंत फक्त यंत्राचा आवाज होता. एका विहिरीपाशी रस्ता रुंद झाला. तिथे त्याने गाडी अगदी हळू केली. पुढेच पाहत होता. त्याचे कान तांबडे झाले होते, आणि त्याने एकदा बाहीने तोंड पुसलं, धूळ गेल्यासारखं.

"वळू का, मामी?" त्याने विचारलं.

धुरपदाबाईंनी एक हात कडीवरून काढला. क्षणभर तो हवेतच राहिला. मग त्यांनी तो त्याच्या खांद्यावर ठेवला.

"जाऊ द्या अजून थोडं," त्या म्हणाल्या.